हिरवं पाणी उकळून चालेल का?

प्रश्न : ताई, आमचं शेततळं उजनीच्या बॅकवॉटरवरून मोटरीनं भरतो. यंदा चैत्रात पाण्यावर हिरवा तवंग आलाय. वारा जिकडं ढकलतो त्या काठाला जाड साय धरते आणि घाण वास मारतो. दुकानदार म्हणतो, मोरचूद टाका, दोन दिवसांत साफ होईल. घरात हेच पाणी उकळून पितो, म्हशीही हेच पितात. तळ्यात कटला-रोहू सोडलेत. काय करावं?
— एक शेतकरी, करमाळा तालुका

उत्तर : मोरचूद टाकलं नसेल तर टाकू नका. आणि हे पाणी, उकळलेलं असलं तरी, पिणं आजच थांबवा.

आधी ते नेमकं काय आहे ते बघून घ्या. काचेच्या बरणीत तळ्याचं पाणी भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर ते साधं शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया म्हणजे नील-हरित जिवाणू असण्याची शक्यता दाट. त्यांच्या पेशींत वायूच्या बारीक पोकळ्या असतात, म्हणून ते वर येतात. दुसरी खूण काठीची. काठी बुडवून काढल्यावर लांब धागे लोंबले तर शेवाळ, आणि ऑइलपेंटमध्ये बुडवल्यासारखा लेप बसला तर हे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत काठावरच्या दगडांना असाच लेप आहे. माझा अंदाज मायक्रोसिस्टिस या त्यांच्यातल्याच एका प्रकाराचा आहे, पण नक्की सूक्ष्मदर्शकाखालीच कळेल. जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभाग असेल तर एक बाटली घेऊन जा.

यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं विष बनवतात आणि ते यकृतावर जातं. बहुतेक विष पेशीच्या आत असतं. पाणी उकळलं की पेशी फुटतात, विष पाण्यात उतरतं आणि उष्णतेनं नष्ट होत नाही. वर पाणी आटतं, म्हणजे विष दाटच होतं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट 2014 मध्ये हेच झालं. ईरी सरोवरातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात हे विष सापडलं आणि 4 लाखांवर लोकांना पाणी पिऊ नका, उकळूही नका, असं बजावावं लागलं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम आहे. डोळ्यांना किंवा जिभेला ते कळणार नाही.

मोरचुदाचंही तेच. पेशी मरतात, तळं दोन दिवसांत नितळ दिसतं, दुकानदार खरा ठरतो आणि विष मात्र सगळं पाण्यात मोकळं झालेलं असतं. नितळ पाणी बघून तुम्ही म्हशी सोडणार, ही खरी भीती. जनावरांना यानं काय होतं हे जुनंच आहे. 1878 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचं असं पाणी पिऊन गुरं-मेंढरं मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी केली होती. म्हशींना बोअरचं पाणी द्या आणि साय साचते त्या काठाला कुंपण घाला. साधा घरगुती फिल्टर हे विष काढण्याची हमी देत नाही, त्यामुळे तुमच्या पिण्यासाठीही बोअर किंवा टँकर.

हे आलं कुठून? 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर या जीवशास्त्रज्ञानं कॅनडात, ओंटारिओतल्या 226 क्रमांकाच्या तळ्याला मधोमध पडदा लावला. एका अर्ध्यात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात या दोन्हींबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसवाला अर्धा हिरवागार झाला. विमानातून काढलेला तो फोटो मी वर्गात लावायचे, मग फळ्यावर फार लिहावं लागत नसे. साबणात फॉस्फरस असायचा, पण साबण कंपन्या तोवर तळी हिरवी होण्याचा दोष कार्बनवर ढकलत होत्या, त्यांना हे जड गेलं.

उजनीत पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येतं. त्यात मैला आहे, साबण आहे, म्हणजे फॉस्फरस आहेच. वाटेतल्या शेतांतून वाहून आलेलं खत वेगळं. तुम्ही तळं भरता तेव्हा हे जेवण वाढूनच घेता. उन्हाळा, थांबलेलं पाणी आणि भरपूर खत, एवढं मिळालं की जिवाणूंना दुसरं काही लागत नाही. शेततळ्याच्या काठावर डीएपी खताची पोती ठेवू नका आणि गोठ्याचं पाणी तळ्यात सोडू नका. वरचं सांडपाणी शुद्ध होऊन यावं हे तुमच्या हातात नाही. ग्रामसभेत मात्र जरूर मांडा, कारण ते कुणाच्या तरी हातात आहे.

राहिले मासे. पहाटे कटला तोंड वर काढून धापा टाकत असतील तर रात्री जिवाणू आणि सगळ्यांनी मिळून प्राणवायू संपवलेला असतो. एअरेटर रात्रीच चालवा. तवंग असेपर्यंत मासे काढू नका. नंतर काढाल तेव्हा आतडी आणि यकृत टाकून द्या, मांस चांगल्या पाण्यानं धुवा. मरून तरंगलेला मासा कोंबड्यांनाही घालू नका, खड्ड्यात पुरा.