नोझल बदलण्याआधी टेस्टरवर काय पाहायचं

नेहमीची तक्रार: डिझेल इंजिन, चार सिलिंडर, इनलाइन पंप, डायरेक्ट इंजेक्शन. काळा धूर, खडखड, आणि इंजेक्टरचं प्रेशर सेट करून आणलं तरी फरक नाही. नुसतं प्रेशर सेट करणं म्हणजे सर्व्हिस नव्हे. गळकं नोझल, म्हणजे इंजेक्टरचं डिझेल फवारणारं टोक, तेही गेजवर बरोबर आकड्याला उघडतं.

आधी दोषी इंजेक्टर शोधा. इंजिन आयडलवर ठेवून इंजेक्टरला येणाऱ्या एकेका पाइपचा युनियन नट (जोडाचा नट) फडकं धरून सैल करा. ज्याने आरपीएम पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. तो इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष सोबत गेला तर इंजेक्टर, जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन किंवा पंप. कॉमन रेल इंजिनावर (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं ते) पाइप सैल करणं चुकूनही करू नका, तिथे 1600 बार आणि त्याहून जास्त प्रेशर असतं. तिथल्या इंजेक्टरची तपासणी रिटर्नचं, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल मोजून होते.

टेस्टर म्हणजे इंजेक्टर जोडून तपासायचा गेज लावलेला हातपंप. त्यावर पहिली परीक्षा गळतीची. टोक कोरडं पुसा, उघडण्याच्या प्रेशरपेक्षा साधारण 20 बार कमी दाब 10 सेकंद धरा. टोकाला थेंब लोंबला तर सीट, म्हणजे आतली सुई टेकून डिझेल अडवते ती जागा, गेली. असा थेंब नीट जळत नाही, धूर होतो आणि टोकावर काजळी चढून भोकं बुजतात. मग फवारा पाहा: सगळ्या भोकांतून सारखा, धुक्यासारखा, धार नको. प्रेशर शेवटी. अशा नोझलला बहुधा 180 ते 250 बार लागतं, पण खरा आकडा मॅन्युअलचाच. शिम (स्प्रिंगवर दाब देणारी पातळ चकती) 0.1 मिमीने वाढवली की प्रेशर ढोबळमानाने 10 बार वाढतं. नवी स्प्रिंग वापराने थोडी दबते, म्हणून तिचं प्रेशर थोडं वर सेट करतात.

फवाऱ्यासमोर हात अजिबात नको. डिझेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये जायचं.

सफाईला पितळी ब्रश आणि लाकडी काडी. पोलादी ब्रश नाही. सुई आणि बॉडी जोडीनेच घासलेल्या असतात, एकाची सुई दुसऱ्यात घालू नका. स्वच्छ डिझेलमध्ये भिजवून सुई एक तृतीयांश बाहेर ओढा, बॉडी तिरकी धरा. सुई स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे. अडकली तर पुन्हा धुवा, तरीही अडकली तर जोडी बदला. घासायची पेस्ट लावून सीट हाताने घासू नका. सुई आणि सीटचे कोन मुद्दाम किंचित वेगळे ठेवलेले असतात, म्हणून बारीक रेषेवर सील होतं. घासलं की ती रेषा रुंदावते आणि गळती वाढते.

नोझल नट टॉर्क रेंचनेच आवळा, जास्त आवळला तर बॉडी दाबली जाऊन सुई अडकते. हेडमध्ये जुना तांब्याचा वॉशर चिकटलेला असतो, तो काढून नवा एकच घाला. दोन झाले की टोक वर राहतं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो.

चारही इंजेक्टर या सगळ्यातून पास झाले आणि तरी धूर येतोय, तर एअर फिल्टर आणि पंपाचं टायमिंग पाहा.