‘तुला आवडेल ते’ म्हणणारी मुलगी

प्रश्न : मला दोन मुली आहेत, १९ आणि १७ वर्षांच्या. एकाच पोटच्या, एकाच घरात वाढलेल्या. मोठीचे आणि माझे सगळे जुळते : गाणी, रंग, माणसांत मिसळणे, रोजची प्रार्थना मोठ्याने म्हणणे. धाकटीला यातले काहीच रुचत नाही. चारचौघांत ती गप्प असते, प्रार्थनेला बसते पण तिचे ओठ हलत नाहीत, आणि घरात मी सुगंध फवारला की डोके दुखते असे नाटक करते. देवाने दिले त्यात आनंद मानावा, हे तिला कसे समजावू? हल्ली एवढे मात्र बरे आहे, की काही विचारले तर वाद न घालता ‘तुला आवडेल ते’ म्हणते. परवा तिच्या खोलीच्या रंगाबद्दल विचारले तेव्हाही तेच म्हणाली, म्हणून मी आणि मोठीने फिकट गुलाबी ठरवला. पुढच्या आठवड्यात काम सुरू होईल.
– एक आई

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा ‘एवढे मात्र बरे आहे’ या शब्दांपाशी थांबले. साऱ्या पत्रात तुम्हाला दिलासा देणारी ती एकच गोष्ट आहे, आणि मला काळजी वाटते ती नेमकी तिचीच. सतरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या खोलीचा रंग विचारावा आणि तिने ‘तुला आवडेल ते’ म्हणावे, हे एका दिवसात घडत नाही. त्याआधी कितीतरी वेळा तिने आपली आवड सांगितली असेल, तुमच्या कपाळावर आठी उमटली असेल, ताईचे उदाहरण पुढे आले असेल, आणि शेवटी सांगण्यापेक्षा न सांगणे सोपे आहे हे तिला कळून चुकले असेल. ती वाद घालत होती तोवर तुमच्याकडून तिला काही आशा होती.

‘नाटक’ हा शब्द तुम्ही मागे घ्यावा, असे मी स्पष्टच सांगते. १९३१ साली आर्थर फॉक्स हे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक पूड हाताळत असताना तिचे कण हवेत उडाले. शेजारच्या सहकाऱ्याने तोंड कडू झाल्याची तक्रार केली; फॉक्स यांना मात्र कसलीही चव लागली नाही. दोघांनी पूड जिभेवर ठेवून पाहिली, तरी एकाला ती कडू आणि दुसऱ्याला बेचवच लागली. पुढे हा फरक वारशाने येतो असे दिसून आले आणि २००३ साली त्यामागचे जनुकही सापडले. सख्ख्या भावंडांतही एकाला ती चव कळते आणि दुसऱ्याला कळत नाही. वासाचेही असेच असते, त्यामुळे तुम्हाला प्रसन्न करणारा सुगंध तिला खरोखरच असह्य होत असेल. तुमच्या नाकाला जे कळत नाही ते तिने सोसायचे आणि वर खोटेपणाचा ठपकाही घ्यायचा, हा अन्याय आहे.

आता देवाविषयी, कारण तुम्ही त्याचे नाव घेतले आहे आणि माझीही त्याच्यावर श्रद्धा आहे. एकाच गर्भातून विभागलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा सारखे नसतात. आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या सुमारास ते पक्के होतात आणि जन्मभर तसेच राहतात. ज्याने बोटाचे टोकही दुसऱ्यांदा तसेच घडवले नाही, त्याने तुमच्या धाकटीचे मन मोठीच्या मनासारखे घडवायला हवे होते, असे तुम्ही कोणत्या आधारावर म्हणता? ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे आपण बहुधा कंटाळून म्हणतो. मला ते नेहमीच त्याच्या करणीचे कौतुक वाटत आले आहे. देवाने दिलेल्यात आनंद मानावा, हे तुमचे वाक्य खरे आहे, पण तुम्हाला त्याने ही मुलगी दिली आहे, तिच्या शांततेसकट आणि तिच्या आवडींसकट. प्रार्थनेच्या वेळी तिचे ओठ हलत नाहीत एवढेच तुम्हाला दिसते. आत जे चालले असेल ते ज्याने ऐकायचे त्याला ऐकू जाते.

तिला काहीही समजावू नका. गुलाबी रंगाचे काम आजच थांबवा. संध्याकाळी शेड कार्ड घेऊन तिच्या खोलीत एकट्याच जा, ते तिच्या हातात द्या आणि सांगा, की ही खोली तुझी आहे, रंग तूच निवडायचा. ती ‘तुला आवडेल ते’ म्हणेल. तेव्हा ‘मी थांबते’ एवढेच म्हणा आणि खरोखर थांबा, मग अर्धा तास जावो की तीन संध्याकाळी जावोत. केव्हातरी तिचे बोट एखाद्या रंगावर थबकेल, कदाचित तुम्हाला अजिबात न आवडणाऱ्या गडद राखाडीवर, आणि त्याच क्षणी ती मान वर करून तुमच्या चेहऱ्याकडे पाहील. त्या वेळी कपाळावर आठी येऊ देऊ नका. तिच्या शेजारी बसा आणि हा रंग तिला का आवडतो ते विचारा.