मोती गेला, बाबांचं फिरणं थांबलं

प्रश्न: आमचा 13 वर्षांचा कुत्रा मोती महिन्यापूर्वी मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. तेव्हापासून 72 वर्षांचे बाबा सकाळी फिरायला जात नाहीत. दुसरी कुत्री, चिंगी, निम्मंच खाते. नवं पिल्लू आणावं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: एवढ्यात नको. पिल्लाला दिवसातून सात-आठ वेळा बाहेर न्यावं लागतं आणि ते सारखं पायांत घुटमळतं. या वयात पडणं महागात जातं. मोतीमुळे बाबांच्या दिवसाला शिस्त होती, ती आधी परत आणा. चिंगीचा पट्टा त्यांच्याच हाती द्या, जुन्याच वेळी, पण सुरुवातीला 15 मिनिटंच. रस्त्यात ओळखीचे लोक मोतीची चौकशी करतील. बाबांना रडू आलं तर येऊ द्या. मात्र झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेली असेल, तर त्यांना डॉक्टरांना दाखवाच.

चिंगीचं खाणं दुःखानेच कमी झालंय असं गृहीत धरू नका. मोतीला लेप्टोस्पायरोसिस (मूत्रपिंडं निकामी करू शकणारा जंतुसंसर्ग) होता का, हे पशुवैद्यांना विचारा. तो लघवीतून दुसऱ्या कुत्र्याला, माणसालाही होतो. महिनाभर निम्मं खाणं म्हणजे रक्ततपासणी याच आठवड्यात हवी. ताट 20 मिनिटांनी उचला; हाताने भरवलं की तीच सवय लागते. मोतीची उरलेली औषधं तिला देऊ नका. संसर्ग नव्हता हे कळलं, तर त्याची एक चादर न धुता तिच्याजवळ राहू द्या.

पुढे बाबांनी स्वतःहून विषय काढला, तर तीन-चार वर्षांचा शांत गावठी कुत्रा पाहा.