आधी आपल्याच घरातलं वाच

बाळा,

दिवाळीच्या फराळाला आलास तेव्हा म्हणालास, काका मी पण तुमच्यासारखा कन्झर्व्हेटिव्ह झालोय, आणि फोनवर एक व्हिडिओ दाखवलास. मिनिटभराचा असेल नसेल. खाली कमेंट्समध्ये लोक लिहीत होते की या इंडियन लोकांना परत पाठवा. तू ते अंगठ्याने वर सरकवलंस आणि चकली उचललीस. मला ते फार लागलं रे. काय वाचू असं विचारलं होतंस ना, म्हणून आज बसून लिहितोय.

मी अमेरिकेचा सिटिझन झाल्यापासून रिपब्लिकनांनाच मत देत आलोय. टॅक्स कमी, सरकार आटोपशीर, कुटुंब, देवधर्म, कायद्याचा मान, यातलं काहीच मी सोडलेलं नाही. पण 2020 च्या हिवाळ्यात ट्रम्प यांचं इलेक्शन चोरलं म्हणून एक मेसेज आला आणि तो मी न तपासता फॅमिली ग्रुपवर पुढे ढकलला. नंतर जुलै 2022 मध्ये 'लॉस्ट, नॉट स्टोलन' हा रिपोर्ट आला. लिहिणारे सगळे कन्झर्व्हेटिव्ह, माजी फेडरल जज मायकेल लुटिग, रिपब्लिकन सिनेटर राहिलेले जॉन डॅनफर्थ वगैरे. ट्रम्पच्या बाजूने झालेल्या सहा राज्यांतल्या 64 केसेस त्यांनी एकेक करून तपासल्यात, कोर्टात काय मांडलं, जज काय म्हणाले, सगळं. एकाही राज्याचा निकाल फिरेल एवढा घोटाळा कुठेच सापडला नाही. मी किचन टेबलवर पेन्सिल घेऊन बसलो, एकेका केसवर खूण करत गेलो, आणि संपल्यावर त्याच ग्रुपवर लिहिलं की तो मेसेज चुकीचा होता, मी पाठवायला नको होता. सुरुवात तू इथूनच कर.

मग मार्गारेट चेस स्मिथ यांचं भाषण वाच, 1 जून 1950 चं. मेन राज्याच्या रिपब्लिकन सिनेटर, तेव्हा सिनेटमध्ये त्या एकट्याच बाई होत्या. त्यांच्याच पार्टीचे सिनेटर जोसेफ मॅकार्थी ज्याला त्याला कम्युनिस्ट ठरवत सुटले होते आणि पार्टीतले मोठमोठे लोक मूग गिळून बसलेले, कारण मतं मिळत होती. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की भीती, अज्ञान, द्वेष आणि बदनामी यांच्या जिवावर माझी पार्टी जिंकलेली मला नकोय. त्याच भाषणात त्यांनी डेमोक्रॅट ट्रुमन सरकारलाही सोडलं नाही, हे नीट बघ, कारण तुला लोक सांगतील की आपल्यातल्या माथेफिरूंना बोललास म्हणजे तू डेमोक्रॅट झालास. त्या रिपब्लिकनच राहिल्या. त्यांच्याबरोबर सही करणारे सहाच सिनेटर होते, आणि सिनेटने मॅकार्थींचा निषेध केला तो डिसेंबर 1954 मध्ये, म्हणजे साडेचार वर्षांनी. एवढा वेळ लागतो.

मॅथ्यू काँटिनेटी यांचं 'द राइट' जाडजूड आहे, सावकाश वाच. अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्हांचा शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातून कळतं की हा आजार काही ट्रम्पपासून सुरू झालेला नाही. कन्झर्व्हेटिव्ह लेखक-संपादक विल्यम बकली यांनी 1962 मध्ये जिकडे तिकडे कम्युनिस्ट कट बघणाऱ्या जॉन बर्च सोसायटीच्या प्रमुखांना आपल्या 'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकातून खडसावलं, त्याचं आपण कौतुक करतो, पण त्याच नियतकालिकाने 1957 मध्ये दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या वर्चस्वाची बाजू घेतली होती. दोन्ही वाच, एक वाचून दुसरं लपवू नकोस.

माझं सगळ्यात आवडतं मात्र युवाल लेव्हिन यांचं 'अ टाइम टू बिल्ड'. ते म्हणतात संस्था हा साचा असतो, माणसाला घडवतो, आणि आता लोक तिचं स्टेज करून टाकतात, वर चढायचं आणि स्वतःला दाखवायचं. एकदा हे वाचलंस की काँग्रेसमधल्या सुनावणीची क्लिप बघताना तुला आपोआप दिसेल कोण प्रश्न विचारतोय आणि कोण कॅमेऱ्याशी बोलतोय.

चिडलेल्या लोकांचंही वाच, पॅट्रिक डनीन यांचं 'व्हाय लिबरलिझम फेल्ड' किंवा पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या जे. डी. व्हान्स यांचं 2016 चं 'हिलबिली एलेजी'. मला डनीन पटत नाहीत, पण गावंच्या गावं ओस पडली, कारखाने गेले, पोरं नशेत गेली, हे दुःख खोटं नाहीये.

आणि एक प्रश्न, उत्तर मला नको, तुझ्यापाशीच ठेव. जून 2025 मध्ये मिनेसोटात डेमोक्रॅट आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या नवऱ्याला घरात गोळ्या घातल्या, सप्टेंबरमध्ये युटात कन्झर्व्हेटिव्ह कार्यकर्ते चार्ली कर्क यांना मारलं. दोन्ही बातम्या ऐकताना तुझ्या पोटात सारखंच कालवलं का?

लेव्हिनची माझी कॉपी पाठवतोय, पेन्सिलच्या खुणा आहेत, तू तुझ्या कर. स्मिथबाईंचं भाषण पंधरा मिनिटांचं आहे, ते आजच वाच आणि रविवारी फोन कर, बोलू.

काका