वनस्पतीच्या अर्कानं जंत आणि कॅन्सरच्या पेशी मरतात, तर डॉक्टर तोच का देत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की एका रानवनस्पतीच्या अर्कानं जंतही मेले आणि कॅन्सरच्या पेशीही, अशी बातमी वाचलीत. तर घरातल्या कॅन्सरच्या पेशंटला तिचा काढा द्यावा का? एम.फार्म.ला (औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात) मी हे दोन्ही प्रयोग केलेत, म्हणून आधी ते होतात कसे ते सांगतो.

कॉलेजच्या प्रयोगातले ‘जंत’ म्हणजे बहुतेकदा गांडुळं. काचेच्या बशीत अर्क घ्यायचा, गांडुळं सोडायची आणि घड्याळ लावायचं. वळवळ थांबली की त्यांना ५० अंशांच्या गरम पाण्यात घालायचं. तरी हलली नाहीत तर मेली असं धरायचं. शेजारच्या बशीत अल्बेंडाझोल हे जंतांवरचं नेहमीचं औषध असतं, आणि निष्कर्षात येतं की अर्क त्याहून झपाट्यानं मारतो. ही तुलना मला मुळीच पटत नाही. अल्बेंडाझोल पाण्यात जेमतेम विरघळतं, आणि त्याचं काम सावकाशीचं: जंताला साखर शोषता येत नाही, तो उपासमारीनं मरतो. उलट टॅनिन (तुरट द्रव्य), सॅपोनिन (साबणासारखा फेस करणारं द्रव्य) भरपूर असलेला दाट अर्क गांडुळाची ओली कातडीच बिघडवतो. त्यात गांडूळ हा आतड्यातल्या गोल जंतांचा जवळचा नातेवाईकही नाही. मेंढीच्या पोटातल्या जंतांची अंडी अर्कात ठेवून किती उबतात ते मोजलेलं असेल, तर त्या निकालावर मी जास्त विश्वास ठेवीन.

कॅन्सरच्या पेशींसाठी ९६ खळग्यांची प्लेट असते. पेशींवर अर्क घालून ठेवायचा, मग एमटीटी नावाचं पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. जांभळा जितका फिका, तितक्या पेशी कमी. पण काही अर्क पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करून टाकतात, म्हणून एका खळग्यात नुसता अर्क घालून बघावाच लागतो. आणि निरोगी पेशींवर तोच अर्क घातला होता का, हे बातमीत सहसा नसतंच. तिथंच तर सगळं ठरतं. साबणाच्या पाण्यानंही कॅन्सरच्या पेशी मरतात.

डोसाचा हिशोबही करून बघा. मिलीलिटरला १०० मायक्रोग्रॅमला पेशी मेल्या म्हणा. माणसाच्या ५ लिटर रक्तात तेवढं प्रमाण यायला अर्धा ग्रॅम अर्क जसाच्या तसा रक्तात उतरायला हवा. आतडं आणि यकृत तो तसा उतरू देत नाहीत.

वनस्पतींतून औषध निघत नाही असं मुळीच नाही. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन आलं, ते आजही मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य सापडतं. हे द्रव्य १९६६ साली एका चिनी झाडातून वेगळं काढलं गेलं. पुढे पेशंटवर चाचण्या झाल्या तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि त्या थांबवाव्या लागल्या. त्याच्या रेणूत बदल करून केलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं अमेरिकेत मंजूर झाली १९९६ला. मधली ३० वर्षं डोस आणि विषारीपणा आटोक्यात आणण्यात गेली. घरी उकळलेल्या काढ्यात यातलं काहीच झालेलं नसतं.

त्यामुळे केमो चालू असताना काढा देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. काही वनस्पती यकृतातल्या, औषधं मोडणाऱ्या विकरांचं (एन्झाइम्सचं) काम बदलतात, आणि केमोच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं किंवा घटतं. आधीच काही देत असाल तर पुढच्या भेटीत ती बाटली किंवा पुडी सोबत न्या आणि ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) दाखवा. ते रागावतील या भीतीनं लपवू नका.