केस गळले नाहीत, पण जुलाब होताहेत

प्रश्न : बाबांना फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅब देतात. केस गळले नाहीत, उलट्याही नाहीत. म्हणजे औषध लागू पडतंय ना? चार दिवस जुलाब मात्र होताहेत.

उत्तर : आधी जुलाबांचं. आजच त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. जुलाब थांबवायची गोळी परस्पर देऊ नका.

हे औषध कॅन्सरच्या पेशी थेट मारत नाही, आपल्याच टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना, लागलेला ब्रेक काढतं. (याच मार्गाच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.) ब्रेक सुटलेल्या पेशी कधी आतड्यावर, फुफ्फुसावर, थायरॉइडवरही उलटतात. आतड्याचा दाह वेळीच कळला, तर बहुतेकदा स्टेरॉइडने आटोक्यात येतो. माझ्या एका रुग्णाची पत्नी उशाजवळच्या वहीत शौचाच्या वेळा लिहायची. त्या दोन पानांवरून मला लगेच निर्णय घेता आला. तुम्हीही लिहा. नवा खोकला, धाप, अंगावर पुरळ दिसलं तरी कळवा. औषध थांबल्यावर काही महिन्यांनीही हे त्रास उद्भवू शकतात.

केसांवरून काहीच ठरत नाही. औषध लागू पडतंय का, ते स्कॅन सांगेल.