घरची प्रार्थना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दर जानेवारीला वर्षभरात अख्खे बायबल वाचायचे ठरवतो. रोज तीन अध्याय, रविवारी पाच. फेब्रुवारी उजाडेपर्यंत वाचन बंद पडते. माझ्यात शिस्त नाही, की पद्धतच चुकते?
– एक वाचक, सोलापूर

पद्धत चुकते. तुमचा हिशेब बरोबर आहे: ६६ पुस्तकांत ११८९ अध्याय, आठवड्याला २३, म्हणजे बावन्न आठवड्यांत वाचन संपते. पण त्याच वेगाने उत्पत्ती आणि निर्गमाचे ९० अध्याय चार आठवड्यांत होतात आणि जानेवारीच्या शेवटी यज्ञांच्या नियमांचे लेवीय हे पुस्तक समोर येते. त्याआधीच निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे, पडदे, कड्या सुरू झालेल्या असतात. वाचणारा तिथे दमतो, दोन दिवस चुकतात, सहा अध्यायांची थकबाकी होते आणि बायबल उघडतानाच अपराधी वाटू लागते. वाचन बंद पडते ते बहुतेकदा या थकबाकीपायी.

पहिल्या खेपेला संपूर्ण बायबलाचा आग्रह सोडा. मार्क (१६ अध्याय), उत्पत्ती (५०), निर्गमाचे पहिले २०, लूक (२४) आणि प्रेषितांची कृत्ये (२८) या क्रमाने वाचा. एकूण १३८ अध्याय होतात. सोमवार ते शनिवार रोज एकच अध्याय घ्या, म्हणजे २३ आठवडे पुरतील. रविवार मुद्दाम मोकळा ठेवा. आठवड्यात एक अध्याय राहिला असेल तर तो रविवारी वाचावा. त्याहून जास्त राहिले तर सरळ सोडून द्यावेत आणि त्या दिवसाच्या अध्यायावर यावे.

रात्री झोपण्यापूर्वी स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र जोडा. ११९ वे स्तोत्र १७६ वचनांचे आहे, पण त्याचे मूळचेच आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत, म्हणून ते २२ रात्रींत वाटून घ्या. अशी सारी स्तोत्रे १७१ रात्रींत होतात. दिवसाचे वाचन संपते त्याच सुमारास तीही संपतात.

लेवीयाची वेळ येईल तेव्हा सोळावा अध्याय, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, आणि इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय एकाच बैठकीत वाचा. यज्ञ, रक्त, पडद्याआडचे परमपवित्रस्थान हे सगळे कशासाठी होते ते तिथे उलगडते आणि लेवीय रुक्ष वाटेनासे होते.

घरात जुने पवित्र शास्त्र (बायबल) आहे. मुलाला त्याची भाषा जड जाते. दुसरे भाषांतर वापरले तर चालेल का?
– एक वाचक भगिनी, जालना

जरूर चालेल, ताई. मराठीत या कामाची परंपरा मोठी आहे. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. अलीकडचे, आजच्या वळणाचे हवे असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ मुलाच्या हाती द्या.

एक पथ्य मात्र पाळा. समजून घेण्यासाठी कितीही भाषांतरे वापरा, पाठांतर एकाचेच करा, आणि तेही तुमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वाचले जाते त्याचेच. नाहीतर तेविसावे स्तोत्र एकत्र म्हणताना आजीचे शब्द वेगळे, नातवाचे वेगळे असे होते आणि दोघेही मध्येच थांबतात.

संध्याकाळची कुटुंबप्रार्थना पाऊण तास चालते. धाकटी पेंगते, थोरला मोबाइल बघतो. सासूबाईंना मात्र थोडक्यात उरकणे पटत नाही. काय करावे?
– एक वाचक भगिनी, अहिल्यानगर

पंधरा मिनिटांच्या आतली, पण रोजची प्रार्थना बसवा. सासूबाईंना लांब प्रार्थनेची ओढ आहे, ती मोडू नका. सगळ्यांची प्रार्थना झाल्यावर त्यांच्यासोबत बसायला घरातले एक जण थांबेल अशी पाळी लावा.

वेळ जेवणाआधीची ठेवा. जेवणानंतर लहानांना झोप येते आणि भांडी, ओटा आवरणे एकाच बाईच्या वाट्याला येते. मग तीच प्रार्थनेला उशिरा येते किंवा मन स्वयंपाकघरात ठेवून बसते.

आधी एक गीत, दोनच कडवी, साधारण दोन-तीन मिनिटे. आठवडाभर तेच गीत ठेवा. रोज नवे घेतले की ‘उपासना संगीता’ची पाने चाळण्यातच वेळ जातो. एकच ठेवले तर शनिवारपर्यंत धाकटीला पुस्तक लागत नाही. ना. वा. टिळकांची भजने यासाठी फार चांगली. चाली आपल्या मातीतल्या आहेत, पेटी नसली तरी टाळांवर निभावते. मग आठ ते बारा वचनांचे वाचन. वाचणारा रोज वेगळा असावा आणि थोरल्याची पाळी चुकवू नये. वाचन झाले की एकच प्रश्न: या भागात देव काय करतो? उत्तर मुलांनी द्यायचे, मोठ्यांनी प्रवचन द्यायचे नाही. त्यानंतर प्रत्येकाने एका वाक्यात उपकार मानायचे आणि एका वाक्यात मागणे मागायचे. शेवटी सर्वांनी मिळून येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना.

आणखी एक गोष्ट बऱ्याच घरांत घडते. डोळे मिटून, ‘प्रभू, याला अभ्यास करायची बुद्धी दे, मोबाइल सोडायची सुबुद्धी दे’ असे मोठ्याने मागितले जाते. मुलाला कळते की हे देवाशी नाही, आपल्याशी चालले आहे. पंधरा-सोळा वर्षांची मुले प्रार्थनेला बसायचे टाळतात त्याला हे एक मोठे कारण आहे. मुलासाठीचे असे मागणे एकांतात करा. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल फक्त उपकार माना.

हायलायटरची शाई बायबलाच्या पानामागे उतरते. शिवाय आम्ही कोकणात राहतो, पावसाळ्यात पाने दमट होतात. खुणांसाठी काय वापरावे, पुस्तक कसे जपावे?
– एक वाचक, देवगड

बायबलाचा कागद वहीच्या कागदाच्या जेमतेम निम्म्या जाडीचा असतो. पाण्याच्या शाईचा हायलायटर त्याला भिजवतो, म्हणून पान सुरकुतते आणि रंग मागे दिसतो. आमची पसंती शाळेतल्या साध्या लाकडी रंगीत पेन्सिलीला आहे. टोक फार तीक्ष्ण नको, हात हलका, आणि पानाखाली एक जाड पोस्टकार्ड. खडूसारखे मेणाचे हायलायटर मिळतात, ते मागे उतरत नाहीत. पण उन्हाळ्यात मऊ होऊन समोरच्या पानाला डाग लावतात. समासात लिहायला एचबी पेन्सिल किंवा ०.१ टोकाचे पिगमेंट शाईचे पेन घ्या. बॉलपेनची रेघ मागच्या पानावर उमटते. रंग तीनच ठेवा: अभिवचन, आज्ञा, प्रार्थना. सहा-सात ठेवले की महिन्याने कोणता कशाचा तेच आठवत नाही.

चेनच्या रेक्झिन कव्हरमुळे पावसाच्या सरीपासून रक्षण होते, पण आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही. चर्चमधून आल्यावर चेन उघडा आणि पुस्तक कपाटात आडवे दाबून न ठेवता उभे, सैल ठेवा. रोज उघडले जाणारे बायबल सहसा बुरसटत नाही. भिजलेच तर उन्हात टाकू नका, पाने पिवळी पडतात आणि पुठ्ठा वाकतो. दर पंधरा-वीस पानांमध्ये कोरा शोषक कागद घाला, तासा-दोन तासांनी तो बदला आणि पुस्तक पंख्याखाली पंख्यासारखे उघडे उभे करा. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई लागते.

कित्येक महिने प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत. मंडळीत सांगितले तर ‘विश्वास वाढवा’ म्हणतात. मी देवापासून दूर गेले आहे का?
– एक वाचक भगिनी, पुणे

नाही, ताई. शब्द सुचत नसताना तुम्ही हे विचारता आहात, तीही देवाकडेच मारलेली हाक आहे. रोमकरांस पत्र ८:२६ मध्ये पौल स्वतःलाही धरून म्हणतो की, कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, आणि तिथे आत्मा आपल्यासाठी विनवणी करतो.

तेरावे स्तोत्र काढा. सहाच वचने आहेत. पहिल्या दोनांत ‘अजून किती दिवस?’ हा एकच प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणे, शेवटच्या दोनांत भरवसा. कागदावर तीन ओळी लिहा: देवाकडे तक्रार काय आहे, आज काय हवे आहे, पूर्वी त्याने काय केले होते. तिसरी ओळ सुचली नाही तर कोरी ठेवा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

सकाळी एवढेच करा: प्रभूची प्रार्थना, एका श्वासाला एक मागणे. दुसऱ्याचे शब्द वापरण्यात काही उणे नाही, प्रभूने ते शिष्यांना वापरण्यासाठीच दिले. दोन विश्वासू बहिणींना सांगून ठेवा की सध्या माझ्या वतीने तुम्ही प्रार्थना करा. उपदेश करणाऱ्या नकोत, ऐकून घेणाऱ्या निवडा.

पहिले राजे १९ वा अध्यायही वाचा. संदेष्टा एलिया मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. दूत त्याला खायला देतो, तो झोपतो, पुन्हा खायला देतो; होरेब डोंगरावरचे देवाचे बोलणे त्यानंतरचे आहे. म्हणून शरीराकडेही बघा. झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून अधिक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. गोळी घेणे हा अविश्वास नव्हे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येत असेल तर आजच घरच्या कोणाला सांगा आणि सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.

रोजरीची (मरियेच्या जपमाळेची) कोणती रहस्ये (मननाचे प्रसंग) कोणत्या वारी म्हणायची? घरात दरवेळी वाद होतो.
– एक वाचक, वसई

सोमवार व शनिवार आनंदाची, मंगळवार व शुक्रवार दुःखाची, बुधवार व रविवार गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची रहस्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये सुचवली, म्हणून जुन्या पुस्तिकांत गुरुवारी आनंदाची दिसतात. वादाचे मूळ बहुधा तेच असेल. ज्येष्ठांना जुनीच सवय असेल तर ती चुकीची नाही, गुरुवारी त्यांना आनंदाची म्हणू द्या.